चित्र, ठेव आणि काचेमागची जागा

आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल, की हे तर फ्रेमवाल्याच्या दुकानातलं काम, यात व्याख्यान देण्यासारखं काय आहे?

तर आधी ते सांगतो. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात गेली काही वर्षं एक गोष्ट सतत घडतेय. जुनी घरं बंद होतायत, काही विकली जातायत, काही रस्त्यात जातायत. घर रिकामं करताना फणसपोळीच्या डब्यापासून जात्यापर्यंत सगळं अंगणात येतं. त्यातलं मुंबई-ठाण्याच्या फ्लॅटमध्ये काय मावणार? मग कुणीतरी म्हणतं, निदान आजोबांचं चित्र आणि त्यांचा चष्मा तरी एका फ्रेममध्ये बसवून घेऊ. आईचा फोटो आणि तिची जपमाळ. काकांनी रंगवलेलं बंदराचं जलरंगातलं चित्र आणि त्याखाली त्यांचा ब्रश. एवढी एकच फ्रेम घेऊन माणूस घराला कुलूप लावतो. म्हणजे त्या चार इंच खोल चौकटीवर अख्ख्या घराचा भार येतो. तो भार तिला पेलतो का, कधी पेलतो आणि कधी नाही, हे पाहणं टीकेचंच काम आहे असं आम्ही मानतो.

आमचं म्हणणं सुरुवातीलाच मांडतो. चित्र आणि आठवणीची वस्तू एका काचेमागे आली, की बहुतेक वेळा दोघांपैकी एक दुसऱ्याच्या चाकरीला लागते. एक तर वस्तू चित्राची सजावट होते, नाही तर चित्र वस्तूची पाटी होतं. चांगल्या चौकटीत दोघांनाही आपापली जागा असते. आणि ती चौकट मागून उघडता येते. हा शेवटचा मुद्दा तुम्हाला सुताराचा वाटेल. पण आम्हाला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि का ते पुढे येईलच.

आपल्याकडे 'तसबीर' हा शब्द आहे. मुळात त्याचा अर्थ नुसतं चित्र. पण मराठीत तसबीर म्हटलं की डोळ्यांसमोर काच, पट्टी, मागचा दोरा आणि भिंतीवरचा खिळा यांसकट चित्र येतं. चौकटीशिवाय तसबीर नाही. म्हणजे आपल्या भाषेने चौकट चित्रातच धरलेली आहे. आणि चित्र नि वस्तू एकत्र ठेवायची आपली जुनी जागा कोणती, तर देव्हारा. त्यात मागे छापील तसबीर असते, पुढे कुलदैवताचे टाक असतात, पत्र्यावर ठोकून उठवलेले, शाळिग्राम असतो, एखादा शंख असतो. सपाट आणि भरीव अशी दोन्ही रूपं एकाच लाकडी चौकटीत शेजारी बसतात आणि कुणाला त्यात विसंगती वाटत नाही. कारण देव्हाऱ्याला काच नाही. तिथे रोज हात जातो. टाक उचलले जातात, धुतले जातात, पुसून परत ठेवले जातात. कालचं फूल निर्माल्य होतं. तिथलं चित्र डोळ्यांसाठी आणि वस्तू हातासाठी असते. हे मापन मनात ठेवा, पुढच्या प्रत्येक उदाहरणाला आपण ते लावणार आहोत.

पहिलं उदाहरण आपल्या सगळ्यांच्या घरातलं. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या रंगीत छापील चित्रांनी घरोघरच्या भिंती व्यापल्या. पण ती चित्रं लोकांनी नुसती टांगली नाहीत. पुष्कळ चित्रांवर जर, टिकल्या, मणी आणि कापडाचे तुकडे लावून त्यांना सजवलं गेलं. अशी सजवलेली चित्रं आज संग्राहक शोधत फिरतात. त्यातलं एखादं जवळून बघा. देवीचा चेहरा, हात, पाय मूळ छपाईतले, सपाट. साडी मात्र खऱ्या कापडाची, काठ खऱ्या जरीचा, दागिन्यांच्या जागी मणी. चेहऱ्याला कुणी हात लावलेला नाही.

ही निवड फार शहाणपणाची आहे. जे चित्रात आधीच कापड होतं, तिथेच कापड आलं. त्यामुळे वस्तू आणि चित्र भांडत नाहीत. हजारो प्रतींतली एक प्रत त्या घराची झाली, कारण तिच्यावर कुणाचे तरी तास खर्च झाले. देवीला साडी नेसवण्याची घरातली सवय छापील कागदापर्यंत पोचली. कलासमीक्षकांनी याला बराच काळ हौशी कलाकुसर म्हणून बाजूला ठेवलं. आम्हाला वाटतं, चित्र आणि वस्तू एकत्र कसे नांदतात याचा हा आपल्याकडचा पहिला मोठा धडा आहे. उणीव एकच. कापड चिकटवलेलं आहे. कागद जाईल तेव्हा कापड जाईल, कापडाला कसर लागली की कागदाला लागेल.

याच्याही आधीचं एक उदाहरण मराठी माणसाचंच, पण दूरचं. तंजावरला १६७६च्या सुमारास व्यंकोजीराजांनी मराठ्यांचं राज्य उभं केलं, ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकलं. सरफोजी दुसरे, म्हणजे १७९८ ते १८३२ या काळातले राजे, यांच्या आश्रयाने तंजावर चित्रशैली बहरली. ही चित्रं पारंपरिक पद्धतीने फळीवर करतात, आणि ती फळी कसली, तर फणसाची. रत्नागिरीकरांना हे ऐकून बरं वाटेल. फळीवर कापड, त्यावर लेप, दागिन्यांच्या जागी उठाव, उठावावर सोन्याचा वर्ख आणि काचेचे किंवा रत्नांचे खडे. म्हणजे चित्रच भिंतीतून बाहेर येऊ लागतं. तिथे उठावाला खोली हवी म्हणून चौकटही जाडजूड येते. पण लक्षात घ्या, तंजावरच्या चित्रातला खडा हा कुणाची आठवण नाही. तो खडा बदलला तरी चित्राचं काही अडत नाही. आजोबांचा चष्मा बदलून दुसरा ठेवला तर? सगळंच गेलं. सजावटीची वस्तू आणि आठवणीची वस्तू यांच्यातला फरक इथे आहे. आठवणीच्या वस्तूला धनी असतो.

आता अशा धनी असलेल्या वस्तूंकडे वळू. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत फोटो नवा होता, तेव्हा लोक गेलेल्या माणसाच्या फोटोबरोबर त्याच्या केसांची बट, वाळलेली फुलं, मेणाची फुलं काचेखाली ठेवत. जेफ्री बॅचेन या फोटोग्राफीच्या इतिहासकाराने २००४ साली अॅमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयात यावर प्रदर्शन केलं, पुस्तकही लिहिलं. त्याच्या म्हणण्याचा आशय असा, की एकटा फोटो आठवण जागी करायला पुरत नाही. उलट तो आठवणीची जागाच घेऊन बसतो. माणूस कसा दिसायचा ते फोटो सांगतो, पण तो असण्याचं वजन त्यात नसतं. म्हणून लोकांनी फोटोला स्पर्शाची जोड दिली. केस दिसत नाही फारसा, पण तो त्या माणसाचा तुकडा आहे.

आपल्याकडे केस असे ठेवायची रीत नाही. आपण फोटोला चंदनाचा हार घालतो. आता हा हार नीट बघा. तो काचेच्या बाहेर असतो. त्याच्यावर धूळ बसते, ती झटकली जाते, वर्षश्राद्धाला किंवा दिवाळीच्या साफसफाईत तो काढून पुन्हा घातला जातो. म्हणजे देव्हाऱ्यातला हाताचा नियम इथेही चालू आहे. फोटो काचेत, वस्तू काचेबाहेर. आता हल्ली काही ठिकाणी हारही काचेच्या आत बसवून मिळतो, धूळ नको म्हणून. सोय झाली खरी. पण त्या फोटोपाशी जायचं वर्षातलं एक कारण कमी झालं.

आता एक अवघड उदाहरण घेतो. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या. कोकण हा पलटणींच्या भरतीचा जुना मुलूख. युद्धानंतर ब्रिटिश सरकारने मृत सैनिकांच्या वारसांना ब्राँझची एक गोल चकती पाठवली, साधारण १२ सेंटिमीटर व्यासाची. अशा १३ लाखांहून जास्त चकत्या तयार झाल्या, आणि हिंदी शिपायांच्या घरीही त्या गेल्या. तिच्यावर ब्रिटानियाची आकृती, सिंह, आणि एका चौकोनात मृताचं नाव. हुद्दा नाही, फक्त नाव. इंग्लंडात पुष्कळ घरांनी ती फोटोसोबत फ्रेम केली. पण कोकणातल्या खेड्यातल्या शिपायाचा फोटो घरात असणं त्या काळी दुर्मीळ. मग अशा चकतीशेजारी चित्र कोणतं लावायचं? कुणी म्हणेल, कल्पनेने एक शिपाई रंगवून घ्या. आमचा याला विरोध आहे. चकतीवर चित्र आहेच, ते पाठवणाऱ्या साम्राज्याचं. घराचं तिच्यावर फक्त नाव आहे. तिथे खोटा चेहरा लावला तर नावही खोटं पडतं. माउंटमध्ये चकतीशेजारी फोटोच्या मापाची खिडकी कापावी आणि ती रिकामी सोडावी. या माणसाचा चेहरा आपल्यापर्यंत आलेला नाही, हे ती रिकामी खिडकी खरं सांगेल.

आधुनिक कलेत हा प्रश्न कुणी हाताळला असेल, तर मुंबईच्या अतुल डोडिया यांचं 'ब्रोकन ब्रँचेस' आठवा. २००२-०३च्या सुमारास केलेली ही कलाकृती म्हणजे काचेच्या दारांची नऊ लाकडी कपाटं. पोरबंदरच्या संग्रहालयात गांधीजींच्या वस्तू जशा कपाटांत ठेवल्या आहेत, त्यावरून ती सुचलेली. गुजरातमधल्या त्या वर्षीच्या हिंसेची सावली तिच्यावर आहे. कपाटांत चौकटीतले रंगवलेले फोटो, कृत्रिम हातपाय, हाडं, हत्यारं, अशा वस्तू एकत्र येतात. २०१९ साली व्हेनिसच्या द्वैवार्षिकात भारताच्या दालनात ती पुन्हा मांडली होती.

ती का जमते? कारण तिथे वस्तू चित्राचा पुरावा म्हणून येत नाही आणि चित्रही वस्तूचं नाव सांगायला येत नाही. फोटोतल्या माणसाचाच हा लाकडी पाय आहे, असं कुठे लिहिलेलं नाही. पाहणाऱ्याला दोघांमधलं अंतर स्वतः चालावं लागतं. आणि दुसरं, ती कपाटं आहेत. कपाटाचं दार उघडतं, निदान उघडेल असं वाटतं. तरी एक आक्षेप नोंदवायला हवा. त्यातल्या वस्तू बऱ्याचशा कुठून तरी मिळवलेल्या आहेत. त्यांचे मूळ धनी आपल्याला माहीत नाहीत. सार्वजनिक दुःखासाठी ते चालतं, किंबहुना तेच योग्य. घरातल्या फ्रेमला ही मोकळीक नाही.

तर आता घरातल्या फ्रेमकडे येऊ. सुरुवातीला म्हटलेल्या चष्म्याचंच घ्या. एका ठिकाणी आम्ही अशी फ्रेम पाहिली: पेन्सिलीने काढलेलं आजोबांचं चित्र, उत्तम हात असलेल्या माणसाने काढलेलं, आणि त्यावर बरोब्बर डोळ्यांच्या जागी खरा चष्मा चिकटवलेला. पाहणारे कौतुकाने हसत होते. पण झालं काय होतं? चित्रकाराने त्या डोळ्यांत जे थकलेपण आणलं होतं, ते काचेमागे गेलं होतं. आणि चष्मा, ज्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती, ती काडी कानामागे लपली होती. चित्राचं सर्वांत चांगलं आणि वस्तूचं सर्वांत खरं, दोन्ही एका झटक्यात झाकलं गेलं. रविवर्म्याच्या चित्राला टिकल्या लावणाऱ्यांनी चेहरा सोडला होता, तो इथे सोडला नाही.

हाच चष्मा खाली, चित्रापासून तीन बोटं अंतर सोडून, मिटलेल्या अवस्थेत ठेवला असता तर? मिटलेला चष्मा म्हणजे माणूस वाचता वाचता उठून गेलाय. दोऱ्याची गाठ दिसली असती, आणि गाठ कुणी बांधली हे कुणीतरी विचारलं असतं. जुळवून बसवण्याचा मोह टाळावा, असं आम्ही म्हणतो ते म्हणूनच. समुद्राच्या चित्रात शिंपले, बागेच्या चित्रात वाळलेलं पान, नौकेच्या चित्रात दोराचा तुकडा, हे सगळं पटकन सुचतं आणि पटकन संपतं. पाब्लो पिकासोने १९१२ साली खुर्चीच्या विणीचं छापील कापड चित्रात चिकटवलं आणि भोवती चौकट म्हणून खराखुरा दोर गुंडाळला. पण तिथे दोर कशाचं चित्र नव्हता, तोच चौकट होता. त्या कोड्यामुळे ते आजही पाहावंसं वाटतं.

आता साहित्याविषयी, कारण आपल्या हवेत सौंदर्याचा प्रश्न लवकरच बुरशीचा होतो. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. बंद चौकटीत दमट हवा अडकली की ती बाहेर पडत नाही. कागद काचेला टेकला तर चिकटतो, म्हणून काच आणि आतलं सगळं यांत फट हवी. वस्तू असली की खोली वस्तूच्या उंचीपेक्षा थोडी जास्तच ठेवायची. गरम गोंदाची बंदूक आणि सिलिकॉन हे फ्रेमवाल्याला सोपं पडतं, पण एकदा चिकटवलेलं पुन्हा सुटत नाही. जपमाळ, चष्मा, पदक हे सुती दोऱ्याने माउंटला टाके घालून बांधता येतं. नातवाला उद्या ते सोडवावंसं वाटलं तर कात्री पुरेल.

शिंपल्यांचं तर आणखी वेगळं आहे. प्लाय, एमडीएफ आणि काही लाकडं यांतून आम्लाची वाफ हळूहळू सुटत राहते. बंद पेटीत ठेवलेल्या शंख-शिंपल्यांवर त्यामुळे पांढरी पूड धरते. संग्रहालयांना हा रोग शंभर वर्षांपासून ठाऊक आहे. किनाऱ्यावर इतकी वर्षं टिकलेला शंख पेटीत संपतो. चांदी लोकर किंवा रबराजवळ काळी पडते. साधा पुठ्ठा पिवळा पडून चित्राला डाग देतो, म्हणून आम्लविरहित माउंट मागावा. चौकट पावसाच्या भिंतीवर टांगू नये, मागे चार कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावून हवा खेळती ठेवावी. आणि मागचा हार्डबोर्ड खिळ्यांनी ठोकून टाकण्यापेक्षा फिरत्या पट्ट्यांनी किंवा स्क्रूने बसवावा. हा आमचा सुतारी मुद्दा. वर्षातून एकदा, पाऊस संपला की, चौकट उतरवावी, उघडावी, वस्तू हातात घ्यावी, पुसून परत ठेवावी. देव्हाऱ्याला जे रोज मिळतं, ते हिला वर्षातून एकदा तरी मिळू दे. गौरी-गणपतीला घरी आलेल्या मुलांच्या हातात ती जपमाळ पाच मिनिटं जरी गेली, तरी ती पुन्हा आजीची होते. नाही तर ती भिंतीवरची वस्तू.

काही वस्तू मात्र फ्रेमच करू नयेत. जी वस्तू अजून वापरात येऊ शकते तिचा वापर थांबवायचा हक्क आपल्याला आहे का, हे एकदा विचारा. आडकित्ता सुपारी कातरू शकतो. तो कातरत राहिला तर बरं. आणि एकाच वस्तूवर चार भावंडांची आठवण असेल, तर ती एकाच्या फ्रेममध्ये कायमची बंद करणं म्हणजे उरलेल्या तिघांना दार लावणं. कोकणात वाटण्या कशावरून अडतात ते तुम्हाला आम्ही सांगायला नको.

शेवटी आपल्याच गावातली एक गोष्ट. ब्रह्मदेशाचा राजा थिबा १८८५ साली पदच्युत झाला, दुसऱ्या वर्षी त्याला रत्नागिरीत आणलं. आपण जो थिबा राजवाडा म्हणतो तो १९१० साली बांधून झाला, आणि १९१६ साली राजा इथेच वारला. त्याच्या मोठ्या माणकाची गोष्ट अनेकांनी ऐकली असेल. मंडालेत कर्नल स्लेडनने ते नेलं, अशी राजाची तक्रार होती. म्हणजे ते माणिक रत्नागिरीने कधी पाहिलंच नाही. तरी इथे त्याची आठवण आहे, कारण ती कुणीतरी कुणालातरी सांगत आलंय. उलट आपल्यातल्या कितीतरी घरांत वस्तू आहेत आणि त्या कुणाच्या हे सांगणारं कुणी उरलेलं नाही. दोन पिढ्यांनी ती फ्रेम उतरेल तेव्हा चष्मा फक्त एक जुना चष्मा असेल.

म्हणून फ्रेमवाल्याकडे जाण्याआधी एक काम करा. एका चांगल्या कागदावर लिहा: ही वस्तू कुणाची, त्यांच्याकडे कशी आली, चित्र कुणी आणि कोणत्या साली काढलं, दोन्ही एकत्र कुणी ठेवली आणि का. चष्म्याच्या काडीला दोरा कुणी बांधला तेही लिहा. तो कागद पाकिटात घालून चौकटीच्या मागच्या बाजूला, उघडणाऱ्या हाताला आधी लागेल असा ठेवा. तुमच्यापैकी कुणाच्या घरी अशी फ्रेम आत्ताच भिंतीवर असेल, आणि ती वस्तू ज्यांची होती त्यांना ओळखणारं माणूस अजून घरात असेल, तर आज रात्री त्यांना विचारा. पावसाळा संपायची वाट बघू नका.

आता तुमचे प्रश्न घेऊ.